सहा फुटी टाकीचा उजेड

आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तिच्यात दगड आहेत, सात मासे आहेत आणि प्रवाळ आहेत. घरात येणारा माणूस आधी मासे मोजतो आणि प्रवाळांना झाडं समजतो. बायको होती तोवर ती प्रत्येकाला सांगायची की ही झाडं नाहीत, हे प्राणी आहेत, फक्त जागचे हलत नाहीत. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

ती कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. मी दुसऱ्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या चौतिसाव्या वर्षी, विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर, ओहोटीच्या वेळी. खडकांमधल्या खळग्यांवर वाकून तिनं काय काय पाहिलं ते मला महिनाभर ऐकावं लागलं. पुढं काही वर्षांनी आमच्याकडं तीन फुटी टाकी आली. दगडी प्रवाळ पाळायला कायद्यानं मनाई आहे आणि ती कायदा पाळणारी बाई होती, म्हणून आमच्याकडं सगळे मऊ अंगाचे प्रवाळ. एक कुत्र्याच्या छत्रीसारखा, एक हाताच्या बोटांसारखा, आणि बटणाएवढ्या फुलांचे काही ताटवे. दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळांचे नखाएवढे तुकडे म्हणून ते आले होते. नऊ वर्षांत ते इतके वाढले की तीन फुटांत मावेनात.

म्हणून ही मोठी टाकी. गारखेड्यातल्या एका काचकाम करणाऱ्यानं ती बनवली आणि सहा माणसांनी ती आमच्या दारातून आत घेतली. बायकोनं पंधरा दिवस खपून सगळे प्रवाळ नव्या टाकीत लावले. जुन्या टाकीवरचा ट्यूबलाइटचा संच तिनं डाव्या अर्ध्या भागावर टांगला. "उजवीकडचं नंतर बघू," ती म्हणाली. "आता एलईडीच घ्यायचे. पण नीट बघून."

त्याच महिन्यात तिच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि नंतर काही बघायला तिला वेळ मिळाला नाही.

दवाखान्यात एका दुपारी ती मला म्हणाली, "टाकी कुणाला तरी देऊन टाका."

"मी सांभाळीन," मी म्हणालो.

"तुम्हाला जमायचं नाही."

"जमेल."

ती बराच वेळ डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मग लाइट नीट घ्या. घाई करू नका. आणि माणसाच्या डोळ्यानं बघू नका."

मी हो म्हणालो. शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता, पण तिला थकवा आला होता आणि मला वाटलं की उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी विचारायचं राहिलं.

हे सगळं आधीच सांगतो आहे, कारण पुढं जे झालं त्याचा दोष तिच्यावर जाऊ नये. टाकी देऊन टाका असं ती म्हणाली होती. सांभाळीन हा शब्द माझा होता.

या शब्दात काय काय आलं ते मला नंतर कळलं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी रोज उडतं. उन्हाळ्यात बादली-दीड बादली. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज तेवढंच गोडं, फिल्टरचं शुद्ध पाणी वरून घालावं लागतं. एक बादली शुद्ध पाणी काढायला तीन बादल्या वाया जातात, आणि आमच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या वाया गेलेल्या पाण्यात मी कपडे धुतो, फरशी पुसतो. नळाच्या दिवशी घर सोडता येत नाही. इतर दिवशी वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर चालतो का ते बघावं लागतं, म्हणून घर सोडता येत नाही. गंगापूरला नात्यातलं लग्न होतं. अक्षता टाकल्या, जेवलो आणि चारच्या एसटीनं परत आलो. यजमानांना वाटलं मी अजून दुःखात आहे. दुःखात होतोच, पण परत आलो ते पाणी घालायला.

मुलगी बेंगळुरूला असते. तिथं तिच्या घरी माझ्यासाठी एक खोली आहे. तिनं त्या खोलीत पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या करून घेतल्या आणि त्यांचा फोटो पाठवला. फळ्या रिकाम्या होत्या. "बाबा, कधी येताय?" ती दर रविवारी फोनवर विचारायची आणि मी म्हणायचो, "टाकीच्या लाइटचं एकदा मार्गी लागू दे."

लाइटचं मार्गी लावणं खरंच भाग होतं. डावीकडच्या ट्यूब जुन्या झाल्या होत्या आणि त्या जातीच्या ट्यूब आता बाजारात मिळत नाहीत. उजवी बाजू तर पहिल्यापासून अंधारातच होती. तिकडं ठेवलेला बोटांचा प्रवाळ हळूहळू डावीकडं कलू लागला. महिन्याभरात तो इतका वाकला की खिडकीतून हात बाहेर काढून कुणी काही मागतंय असं दिसायचं. मी हॉलमधली माझी खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीला नेली.

मी वाचायला बसलो. मला तेवढंच येतं. आयुष्यभर माझ्या लेखी उजेड म्हणजे नासाडी होती. पुस्तकांच्या कपाटावर ऊन पडलं की पुठ्ठे फिकट होतात, कागद पिवळा पडतो. ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या खिडक्यांना मी स्वतः जाड पडदे लावून घेतले होते. आता वाचलं की प्रवाळाच्या मांसात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं प्रवाळाला देतं. म्हणजे उजेड हे त्याचं जेवण आहे. समुद्रात पाण्यातून खाली जाता जाता तांबडा, पिवळा उजेड विरून जातो आणि निळा तेवढा खोल पोचतो, म्हणून त्या शेवाळाला निळा जास्त चालतो. माणसाच्या डोळ्याला मात्र निळा कमी दिसतो. आपल्याला जो उजेड लख्ख वाटतो तो त्यांच्या कामाचा असेलच असं नाही, आणि जो मंद वाटतो तो कदाचित भरपूर असतो.

हे वाचलं त्या दिवशी दवाखान्यातल्या तिच्या वाक्याचा अर्थ लागला. मी पुस्तक मिटलं आणि चहा केला. दोन कप झाला.

माझा मेव्हणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, विजेच्या कामाची कंत्राटं घेतो. एका रविवारी तो फ्लडलाइटची दोन खोकी घेऊन दारात उभा.

"दाजी, हे लावा. मंगल कार्यालयाच्या अंगणात लावलेत मी. सुई सांडली तरी दिसती."

"त्यांना सुई शोधायची नाही," मी म्हणालो. "त्यांना निळा लागतो."

"निळा जिलेटिन लावू की वरून."

"त्यानं उरलेला उजेडही अडेल."

त्यानं टाकीच्या काचेला नाक लावलं. "लई नखरे हायेत यांचे. आमच्या विहिरीतले मासे बिनलाइटीचे मजेत हायेत. नुसते पोहत्यात आन खात्यात."

"मासे नव्हे, प्रवाळ."

"व्हय, तेच ते. ताई लहानपणी बेडूक आणून आंघोळीच्या घंगाळात ठेवायची. मार आम्ही खायचो." तो हसला. फ्लडलाइट त्यानं परत नेले, पण जाताना छताची उंची टेपनं मोजून घेतली.

शेवटी मी तिच्या दुकानदाराकडं गेलो. पाळायच्या माशांचं छोटंसं दुकान आहे ते. मालक माझ्याच वयाचा, दाढी मेंदीनं रंगवलेली. बायको त्याच्याकडं दहा वर्षं जात होती आणि मी बाहेर स्कूटरवर बसून वाचत असायचो. आत जाण्याची माझी पहिलीच वेळ. त्यानं स्टूल पुसून दिलं.

"सर, मॅडम कित्ते बार बोले, बड़ा टँक लगाएंगे तो लाइट के वास्ते पैले इधर आऊंगी." मग तो कामाचं बोलू लागला.

त्यानं एक दिवा टेबलावर दोन फूट उंच धरला आणि त्याखाली हाताचा पंजा धरला. टेबलावर पंजाची काळी, रेखीव सावली पडली. "ये देखो. ट्यूब लंबी रैती, चारों तरफ से रोशनी आती. एलईडी एकीच जगे से मारती. ऊपर की डाली खाती, नीचे की डाली भूकी रैती." मग त्यानं तसाच दुसरा दिवा हातभर अंतरावर लावला आणि पंजाची सावली विरली. "एक बड़ा लाइट बीच में नक्को. तीन लगाओ, हर दो फुट पे एक. पानी से एक फुट ऊपर."

मला पटलं. टाकीची लांबी आणि रुंदी किती, खोली किती, भिंग रुंद पसरणारं की खोल जाणारं, निळ्याचा भाग किती, थंड ठेवायला आत पंखा आहे का, हे सगळं मी घरून लिहून नेलं होतं आणि तो एकेकाचं उत्तर देत होता. त्याच्याकडं दोन ताकदीचे दिवे होते. मधल्या ताकदीचा त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"आप के पास सब मऊ माल है. इनके वास्ते ये बहुत हो गया."

मी मोठ्याकडं बोट दाखवलं.

"वो नक्को सर. वो तो आधे पे भी नइं चलाना पड़ता."

"पुढं कमी पडायला नको," मी म्हणालो. तिच्या टाकीला माझ्या हातून काही कमी पडलं असं व्हायला नको होतं. दवाखान्यातही मी असाच वागलो होतो. जे जे मोठं सुचवलं गेलं त्याला हो म्हणत गेलो, आणि शेवटी तीच मला म्हणाली होती, आता पुरे.

त्यानं वाद घातला नाही. फक्त बोट वर करून दोनदा सांगितलं, "पैंतीस परसेंट पे शुरू करो. हर हफ्ते पाँच बढ़ाओ, और पचास-पचपन पे रुको. जल्दी करे तो जल जाते ये लोगां."

मेव्हण्यानं छताला लोखंडी चौकट बसवून दिली आणि तिन्ही दिवे एका ओळीत टांगले. मोबाइलवरून ते कमी-जास्त करता येत होते. मी पस्तीस केलं. हॉलभर निळसर, मंद उजेड पसरला. पहिल्यांदाच सबंध सहा फूट टाकी एकाच वेळी दिसली.

"हे काय हो दाजी," मेव्हणा म्हणाला. "मोबाइलच्या दुकानासारखं निळंनिळं. एवढ्यासाठी एवढे दिवे?"

"एवढंच पाहिजे."

मी तसं म्हणालो खरा. तीन दिवसांत बोटांच्या प्रवाळानं फुलं उघडली. चौथ्या दिवशी तो थोडा सरळ झाल्यासारखा वाटला. मी मुलीला फोन केला. ती आनंदानं ओरडलीच. "म्हणजे झालं ना बाबा? आईच्या वर्षाला मी येतेच आहे. परत जाताना तुम्हाला घेऊन जाते. दुकानवाले काका नाही का सांभाळणार आता? त्यांना विचारा." मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, टाकी सुरळीत चालली तर रोज येऊन पाणी घालीन. मुलीनं दोन तिकिटं काढली.

इतकं सगळं जमून आलं होतं.

वर्षाच्या पुण्यस्मरणाचा कार्यक्रम घरीच होता. भंतेजी येणार होते. कॉलनीतले लोक, तिच्या महाविद्यालयातले शिक्षक, नातेवाईक. चार दिवस आधी मेव्हणा हॉल मोकळा करायला आला. टाकी हलवता येत नव्हती, म्हणून त्यानं ठरवलं की टाकीपुढंच टेबल लावायचं आणि त्यावर बुद्धमूर्ती आणि ताईचा फोटो ठेवायचा. सगळे तिकडं तोंड करून बसतील.

"पण दाजी, या उजेडात ताईचा चेहरा निळा दिसतोय," तो म्हणाला. "आन टाकी तर दिसतच नाय. तिनं एवढी केली, लोकांला दिसू तर द्या एकदा."

मी फोटोकडं पाहिलं. तो निळा दिसत होता. दवाखान्यात शेवटी तिचे ओठ दिसत होते तसा. मी मोबाइल घेतला, पांढरा उजेड पूर्ण केला, निळा पूर्ण केला. तिन्ही दिवे शंभर. सगळा हॉल दुपारच्या उन्हासारखा लख्ख झाला. तिचा चेहरा तिच्या रंगाचा झाला.

"आत्ता कसं," मेव्हणा म्हणाला.

दुकानदाराचं बोट मला आठवत होतं. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. मी मनात म्हणालो, चारच दिवस.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे रंग उजळ वाटले. तिसऱ्या दिवशी छत्रीचा तपकिरी रंग सायीसारखा झाला. मला वाटलं, आतापर्यंत मळकट ट्यूबखाली पाहत होतो, हा खरा रंग दिसतो आहे. चौथ्या दिवशी सकाळी ती पांढरी झाली होती, बोटंही पांढरी, बटणांचे ताटवेही. मी टाकीपुढं उभा राहून बघत राहिलो. त्या दिवशी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. टेबलावर पांढरी चादर, मेणबत्त्या, मोगरा, आणि मागं काचेत हे. मला ते इतकं योग्य वाटलं की काही बिघडलं असेल हे मनातही आलं नाही.

येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता. शेजारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. "सर, किती शुभ्र! जणू संगमरवर. मॅडमनी आजच्यासाठीच करून ठेवल्यासारखं." तिच्या महाविद्यालयातल्या एका शिक्षिकेनं फोटो काढले. जीवशास्त्राच्या नव्हत्या त्या, मराठीच्या होत्या. मुलीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "बाबा, छान ठेवलंत हो तुम्ही." वर्षभरात कुणी मला असं काही म्हणालं नव्हतं.

दुकानदार जरा उशिरा आला. भंतेजी आसनावर बसले होते आणि लोक सतरंजीवर बसू लागले होते. त्यानं फोटोला हार घातला, मान खाली घातली, मग वर पाहिलं. तो तसाच उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा, बसा." तो माझ्या शेजारी येऊन खाली बसला आणि कानाशी म्हणाला, "सर, कित्ते पे है?"

"शंभर."

"कब से?"

"चार दिवस."

तो जिभेनं टाळूला आवाज करणार होता, पण थांबला. "सर, ये सफेद रंग नइं है. अंदर का सब निकल गया. ये खाली हो गए."

त्रिसरण-पंचशील सुरू झालं होतं. आम्ही हात जोडले.

मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. दिव्यांचा मुख्य खटका माझ्यापासून आठ फुटांवर, टेबलाच्या मागं होता. तिथं जायचं तर भंतेजींच्या समोरून, तिच्या फोटोसमोरून, बसलेल्या बायकांच्या मांड्यांना वळसा घालून जावं लागलं असतं, आणि मी तर आज सगळ्यांच्या पुढं बसवलेला माणूस. परित्राणपाठ तासभर चालतो. मी ज्या घरांत वाढलो, त्या घरांत पाठ चालू असताना उठत नाहीत. मी उठलो नाही. दिवे जळत होते. माझ्या डोळ्यांसमोर, तिच्या चेहऱ्याच्या मागं, ते सगळे पांढरे हात त्या उजेडात उभे होते आणि तेही कुठं जाऊ शकत नव्हते.

आणि मग जे झालं ते लिहिण्यासाठीच मी हे लिहायला घेतलं, नाहीतर दिव्यांविषयी लिहिणारे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत.

मला हायसं वाटलं.

आधी मला ते ओळखू आलं नाही. छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. पाठाचे शब्द माझ्या तोंडून बरोबर निघत होते आणि मन हिशेबानं पुढं चाललं होतं. हे सगळे मेले असतील तर टाकी रिकामी करता येईल. मासे दुकानदार नेईल. उद्या पाणी घालायचं नाही. परवा नाही. नळ कधी येतो ते मला ठाऊक असायची गरज नाही. बेंगळुरूच्या त्या खोलीतल्या फळ्या मी विषयवार लावायला घेतल्या. पहिल्या फळीवर कोश. मला तिथली खिडकी दिसली. ती कुठल्या दिशेला आहे हे मी मुलीला विचारलेलं नव्हतं.

मग फोटोकडं लक्ष गेलं आणि मी मान खाली घातली ती पाठ संपेपर्यंत वर केली नाही. लोकांना वाटलं मी रडतो आहे. मागून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पाठ संपल्यावरही उठता आलं नाही. एकेक जण येऊन हात हातात घेत होता, दोन शब्द बोलत होता. अखेर पंगत बसली तेव्हा मी आत जाऊन दिवे वीसवर आणले. हॉलमधून मेव्हण्याचा आवाज आला, "अरे, लाइट गेली काय?"

दुकानदार जेवला नव्हता. तो टाकीपाशी उभा होता. "सर, हात डालो अंदर. बोटवाले कू छूके देखो. गल गया रैंगा तो हात में आ जाएंगा. सख्त है तो जिंदा है."

मी पांढऱ्या सदऱ्याची बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. एका वर्षात मी टाकीत शंभरदा हात घातला असेल, पण प्रवाळाला मुद्दाम स्पर्श कधी केला नव्हता. ते मला तिचं काम वाटायचं. बोटाच्या टोकाला मी बोट लावलं. ते हातात येईल, असं मला वाटत होतं. खरं लिहायचं तर तशी माझी इच्छा होती.

ते घट्ट होतं. आणि मी दाबलं तेव्हा ते सावकाश, अगदी थोडं, मागं सरलं.

"है?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

"अल्हम्दुलिल्लाह," तो म्हणाला आणि हात धुऊन जेवायला बसला.

माझी बॅग आतल्या खोलीत भरून तयार होती. पाहुणे गेल्यावर मुलगी बॅगेशेजारी पलंगावर बसली होती. मी तिला सांगितलं की मला येता येणार नाही, हे प्रवाळ महिनोन्‌महिने कमी उजेडात ठेवून सावकाश परत आणावे लागतील, आणि असं आजारी काही दुकानदाराच्या गळ्यात घालणं बरं नव्हे.

"त्यांना विचारलंत?"

"तो नेतो म्हणाला."

"मग?"

"मी केलंय ते. मी निस्तरतो."

ती उभी राहिली. "बाबा, आईनं तुम्हाला हे कधी मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"ती तर देऊन टाका म्हणाली होती. मी होते तिथं. पडद्याच्या अलीकडं."

मला ते ठाऊक नव्हतं. मी तिच्याजवळ बसलो आणि पाठ चालू असताना मला काय वाटलं ते तिला सांगितलं. हायसं वाटलं, हा शब्द मी वापरला. तिनं बराच वेळ बॅगेची चेन उघडली, लावली.

"मलाही वाटलं असतं," ती शेवटी म्हणाली. मग तिनं अट घातली. रंग परत आला की सगळं दुकानदाराला द्यायचं आणि मी निघायचं. मी कबूल केलं. दुकानदारानं फोनवर वेळापत्रक सांगितलं: सहा आठवडे वीसवर, मग आठवड्याला पाच वाढवायचे, आणि पंचावन्नला तो येऊन घेऊन जाईल.

त्याला आता पाच महिने झाले. बटणांचे दोन ताटवे विरघळून गेले, ते मी काढून टाकले. छत्री दीड महिना मिटून होती. मग तिच्या कडेला तपकिरी झाक आली. तपकिरी म्हणजे शेवाळ परत येतंय, ही चांगली खूण आहे असं मी वाचलं होतं, तरी मी तीनदा वाचून खात्री केली. बोटं टोकांकडून रंगली. आता त्यांच्यावर बारीक फुलं उघडतात आणि पंपाच्या पाण्याबरोबर सगळी एकाच दिशेला झुकतात. मागच्या आठवड्यात दुकानदार येऊन बघून गेला.

"सर, ये तो कब के तैयार हो गए. गाड़ी लाऊं?"

"अजून थोडं थांबू," मी म्हणालो.

त्यानं मोबाइलवरचा आकडा पाहिला, माझ्याकडं पाहिलं, आणि चहा घेऊन गेला.

सुरुवातीचे दोन आठवडे मी पाच-पाच वाढवले. त्यानंतर दोन. आता कधी दोन, कधी एक. पुस्तकांत कुठंही एवढ्या सावकाशीची गरज सांगितलेली नाही. रोज सकाळी बादली घालताना मी कंटाळलेला असतो, नळाच्या दिवशी चिडलेला असतो, आणि रविवारी सकाळी दिवे वाढवायची वेळ झाली की मोबाइल हातात घेऊन बसून राहतो.

आज रविवार होता. मुलीचा फोन आला.

"किती झाले?"

"सत्तेचाळीस."

"मागच्या रविवारी किती होते?"

"सेहेचाळीस."

तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली, तिनं कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं.

"बाबा, तिकीट काढू का?"

बोटांची फुलं उघडी होती. मी म्हणालो, "पन्नास होऊ दे."